स्टिअरिंगला वेल्डिंग? नाही म्हणजे नाही!

आमची जुनी पिकअप रंगून, नवा हौदा चढवून तयार झालीय, हे मंडळींना माहीतच आहे. गाडं अडलंय स्टिअरिंग कॉलमवर. चारोटी नाक्यावरच्या मिस्त्रींनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा आणला, तो आखूड पडला. "तुकडा जोडून वेल्डिंग मारतो, काय होत नाय!" मामांनीही मान डोलावली.

मी नाही म्हटलं आणि 'शहरातला शहाणा' ठरलो. ठरू दे! वेल्डिंगच्या कडेचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं. आत तडा वाढतो, वरून रंग चकचकीत. ब्रेक गेला तर हँडब्रेक तरी असतो. दांडा तुटला तर हातात उरतं नुसतं चाक. तेही महामार्ग ४८ वर, कंटेनरच्या रांगेत!

आणि 'सगळं ओरिजिनलच हवं'वाल्यांनो, जुना अखंड दांडाही काही पवित्र नाही. समोरून जोरात धडक बसली की तो थेट छातीवर येऊ शकतो. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांत धडकेत दबणारा कॉलम दिला, तो उगाच नव्हे.

तसाच कॉलम, मापाचा शाफ्ट आणि दाते जुळणारा युनिव्हर्सल जॉइंट बसवणार. खर्च होईल, होऊ दे. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेच्या गर्दीतून हीच गाडी काढायचीय. देवीवर भरवसा आहे, वेल्डिंगवर नाही.