आवडेल ते लिहू नका!

मंडळी, नव्याने लिहू लागलेल्यांना हल्ली एकच सल्ला मिळतो : "लोकांना आवडेल ते लिहा." मला हा सल्ला साफ नामंजूर आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' काढली, तेव्हा ते शाळामास्तर होते. ८४ अंक निघाले, जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. लोकांची आवड विचारत बसले असते तर हे जमले असते? त्यांची सगळी मते पटतात असे नाही. जोतीराव फुल्यांवरची त्यांची टीका मला आजही बोचते. पण मते उसनी नव्हती, म्हणून लेखणी थांबली नाही.

आपल्याकडे? पहिल्या दिवशी संकल्प, दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी सुविचार, तिसऱ्या दिवशी शुकशुकाट! उसन्या पिठाच्या भाकरी किती दिवस पुरणार? जाफराबादच्या माणसाने मुंबईच्या पावसावर लिहायचे; आणि पूर्णेचे पात्र, आठवडी बाजार, आजीच्या तोंडचे शब्द यांवर अवाक्षर नाही! आजीबरोबर तिचे शब्दही जातील, ते काय पुण्याहून कुणी येऊन लिहून ठेवणार आहे?

तेव्हा आधी घोषणा नको. आपल्या गावावर पाच लेख लिहून ठेवा, मगच पहिला चारचौघांपुढे आणा. पाच होत नसतील, तर अजून सांगण्यासारखे काही साठलेले नाही, असे समजा.