दिव्यांचा सूर

जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आठवतात ना? गिटारवाल्यांच्या अॅम्प्लिफायरमध्ये ते अजूनही तांबूस उजळतात. गंमत अशी, की या दिव्यांवर पेलवेल त्याहून थोडा अधिक भार टाकला, म्हणजेच स्वर भरदार होतो. लहरींचे माथे एकदम छाटले न जाता गोलावतात. शास्त्राने हा दोषच, पण कानाला गोड! १९६६ मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टनने स्टुडिओतही मार्शलचा अॅम्प्लिफायर मोठा लावला, तो यासाठीच. आमच्या इमारतीत तसे केले तर बिऱ्हाड हलवावे लागेल. म्हणून म्हणतो, पन्नास वॉटचा दबकत वाजवण्यापेक्षा पाच वॉटचा मोकळा सोडावा. शेजारी तेवढे सोसतील. मात्र मागचे झाकण जाणकारानेच उघडावे. बटण बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट दबा धरून असू शकतात.