म्हणे नुसती वाफ!

'वाफ' हा आपल्याकडे फार सोज्वळ शब्द आहे. मोदक वाफेवर शिजतात, सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतात, वरणभातातून वाफ निघाली की घर कसं प्रसन्न वाटतं. त्यामुळे ई-सिगारेट ओढणारा कोणी "अगं, नुसती वाफ तर आहे" म्हणाला की आपणही मान डोलावतो. आमच्या परदेशातल्या भाचेमंडळींचं हल्ली हेच पालुपद आहे. वाफच आहे, मग विमानाच्या टॉयलेटमध्ये दोन झुरके मारले तर बिघडलं कुठे? धूर नाही, आग नाही, कोणाला कळत पण नाही.

आता लग्नसराईला ही सगळी मंडळी इकडे यायची आहेत. त्यातले निम्मे इथे येऊन वाचतात (निदान मला तसं सांगतात :-) ), तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, ती वाफ नाही. त्या नळीत पाणी नसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि आंब्या-पुदिन्याचे वास घातलेलं एक द्रावण असतं. आतली तार ते तापवते आणि जे बाहेर पडतं ते बारीक थेंबांचं धुकं असतं. टॉयलेटमधला स्मोक डिटेक्टर हवेतले बारीक कण ओळखतो. ते सिगारेटचे की पुदिन्याच्या धुक्याचे, हे विचारत बसत नाही. तो वाजला की विमानातल्या कर्मचाऱ्यांना आग लागली असं धरूनच धावावं लागतं.

आणि ते का धावतात? ११ जुलै १९७३ ला रिओहून पॅरिसला निघालेल्या वारिग कंपनीच्या विमानात मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली. विमानतळ अगदी जवळ आला होता, तरी वैमानिकाला ते अलीकडच्या शेतात उतरवावं लागलं. १३४ पैकी १२३ माणसं गेली, बहुतेक सगळी धुराने. कचऱ्याच्या डब्यात कोणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक, असा संशय होता. पुढे २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या विमानात पुन्हा टॉयलेटच्याच भागात आग लागली. कशाने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरलं, पण ४६ पैकी २३ जण बाहेर पडूच शकले नाहीत. त्यानंतर टॉयलेटमध्ये डिटेक्टर आणि कचऱ्याच्या डब्यात आपोआप चालणारं अग्निशामक सक्तीचं झालं. तो डिटेक्टर तुमची गंमत घालवायला कोणी खडूसपणे लावलेला नाही.

जाता जाता एक गंमत. विमानात धूम्रपानाला बंदी आहे, तरी टॉयलेटपाशी ॲशट्रे असतोच, आणि तो नियमानेच ठेवावा लागतो. कारण बंदी असूनही कोणीतरी ओढणारच, आणि मग थोटूक कागदांच्या डब्यात टाकण्यापेक्षा ॲशट्रेत विझवलेलं बरं. नियम करणाऱ्यांनी माणूस नावाचा प्राणी बरोब्बर ओळखलाय! पण ई-सिगारेटला ॲशट्रेचाही उपयोग नाही. तिच्यातली जोखमीची वस्तू विझवता येत नाही, ती म्हणजे लिथियमची बॅटरी.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने जून २०१५ पासून ई-सिगारेट चेक-इन सामानात टाकायला मनाई केली आणि विमानात चार्ज करायलाही. जवळच्या बॅगेत बॅटरी पेटली तर कोणाला तरी दिसते, कोणीतरी पाणी ओतून ती थंड करतं. खाली सामानाच्या कप्प्यात बघायला कोण आहे? तिथे सोडला जाणारा हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण बॅटरीच्या आत एकीमागून एक तापत जाणारी साखळी त्याने थांबत नाही. आणि आमचे शहाणे काय करतात? कस्टमवाल्यांना दिसू नये म्हणून ती मोज्यात गुंडाळून मोठ्या सुटकेसच्या तळाशी ठेवतात!

माझा मुद्दा नेमका हा आहे. फुप्फुसं तुमची, तुम्ही बघा. पण लपवायला गेलात की ती जोखीम शेजाऱ्याच्या अंगावर जाते. १० जुलै २०१८ ला एअर चायनाच्या हाँगकाँग ते दालियन विमानात सहवैमानिकालाच कॉकपिटमध्ये तलफ आली. धुकं मागे प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून तो एक पंखा बंद करायला गेला आणि चुकून केबिनला हवा पुरवणारी यंत्रणाच बंद केली. ऑक्सिजनचे मास्क खाली आले, विमान भराभर हजारो फूट खाली आणावं लागलं. मागे १५३ प्रवासी होते. सगळे वाचले, नशीब. हे सगळं कशापायी, तर कोणाला कळू नये म्हणून.

आता कायद्याचं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, वाहून नेणं, साठवणं सगळ्याला बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "पण वापरायला बंदी लिहिलेली नाही" ही पळवाट मला तीन जणांनी ऐकवली. अरे बाबांनो, वापरायला ती आधी देशात आणावी लागते ना? सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी तर विसरूनच जावं. तिथे २०१८ पासून नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

यात ढोंग आहे, मान्य. त्याच विमानतळावर ड्युटी फ्रीमध्ये खऱ्या सिगारेटींचे कार्टन रचलेले असतात, आणि आपल्या सरकारी एलआयसीकडे आयटीसीचे भरपूर शेअर्स आहेत. त्यावर भांडायचं तर मी पण येते, खुशाल भांडू. पण ते भांडण जमिनीवर उभं राहून, उघडपणे. पस्तीस हजार फुटांवर कडी लावून नव्हे.

राहता राहिली तलफ. न्यूअर्क ते मुंबई पंधरा तास म्हणजे थोडे नाहीत, हे मला कळतं. त्यासाठी निकोटीनचा गम मिळतो, केमिस्टकडे, तिकडेही आणि इथेही. त्याला बॅटरी नाही, त्याने डिटेक्टर वाजत नाही. चवीला फार वाईट असतो म्हणे, मिऱ्यासारखा घशाला झोंबतो. झोंबू दे.