दुखरा गुडघा आळशी नसतो



मागच्या हिवाळ्यात क्रीडा-महोत्सवाच्या सरावात आठवीचा एक मुलगा गुडघा धरून बसला. हिंदी माध्यमात शिकलेल्या माझ्या तोंडून सहज निघाले, "बहाने मत बनाओ!" तो उठला, पुन्हा धावला. पंधरा दिवसांत त्याला जिना चढणेही जड झाले. चूक माझी होती.

डॉक्टरांनी सांगितले ते सर्वांनी जाणून घ्यावे. वाढीच्या वयात हाडे झपाट्याने लांबतात, मांडीचे स्नायू मागे राहून ताठर होतात. धावताना ते वाटीखालच्या चिवट पट्ट्यातून नडगीच्या हाडाचा वरचा, अजून कोवळा भाग ओढत राहतात. तिथे सूज आणि दुखरा उंचवटा येतो. १९०३ साली ऑस्गुड व श्लॅटर या डॉक्टरांनी याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखतात. वाढ पूर्ण झाली की दुखणे बहुधा थांबते, पण तोवर धावणे, उड्या मारणे बेतानेच हवे.

धावताना पावलावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. लांब ढांगांनी गुडघ्यावरचा ताण वाढतो. पावले थोडी आखूड व जलद ठेवली तर कमी होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पंधरा दिवसांत पदके मिळवण्याची घाई सोडावी. सराव दोन महिने आधी, थोडा-थोडा वाढवत, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवून व्हावा. विश्वस्तांनी अशा वेळापत्रकाला मान्यता द्यावी. पालकांनी "सहन कर" म्हणू नये. आणि मुलांनो, दुखले तर सांगा. यंदा मी ऐकेन.