टनात 15 ग्रॅमचा हिशेब : बेअरिंगच्या पोलादाला कडक तपासणी, घराच्या सळईला कोण विचारतो?

मेढा : विशेष पोलादासाठीच्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेची तिसरी फेरी नोव्हेंबर 2025 मध्ये सुरू झाली. जुलै 2021 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेची तरतूद 6,322 कोटी रुपये. चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि नोकऱ्यांची. विशेष पोलाद साध्यापेक्षा वेगळं कशामुळे, हा मुद्दा मात्र मागेच राहिला.

क्रोमियम, निकेलसारखे धातू मिसळले की पोलाद विशेष होतं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. उरलेली अर्धी गोष्ट स्वच्छतेची. ही घाण म्हणजे वरचा गंज किंवा धूळ नव्हे. पोलाद वितळलेलं असताना त्यात ऑक्सिजन आणि गंधकापासून बारीक कण तयार होतात आणि थिजताना आतच अडकतात. केसापेक्षाही बारीक असे हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पण चाक लाखो वेळा फिरलं, की भेग पडायला सुरुवात होते ती बहुतेकदा अशाच एखाद्या कणापासून.

म्हणून बेअरिंगच्या पोलादात ऑक्सिजन दहा लाख भागांत 15 भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एका टनात 15 ग्रॅम, जेमतेम चमचाभर साखरेएवढं वजन. केळघर घाट चढणाऱ्या एसटीच्या चाकातलं बेअरिंग या हिशेबावर फिरतं.

याचं जवळचं उदाहरण खोपोलीचं. महिंद्राने फ्रान्सच्या युजीन कंपनीच्या सहकार्याने उभारलेल्या तिथल्या कारखान्यात 2012 मध्ये जपानची सान्यो स्पेशल स्टील भागीदार झाली. पुढे मोठा वाटाही तिच्याकडे गेला. ही कंपनी जगात ओळखली जाते ती बेअरिंगच्या स्वच्छ पोलादासाठीच. पुण्यात मुंढव्याला कराडच्या नीलकंठराव कल्याणी यांनी सुरू केलेल्या भारत फोर्जमध्ये गाड्यांचे क्रँकशाफ्ट बनतात. त्यांनाही असंच पोलाद लागतं.

अशा पोलादाचं काम कसं चालतं? भंगार विजेच्या भट्टीत वितळवतात. मग रस लेडलमध्ये, म्हणजे मोठ्या बादलीत, घेऊन त्यात चुना आणि ॲल्युमिनियम टाकतात. खालून आरगॉन वायूचे बुडबुडे सोडले की कण वर येऊन मळीत अडकतात. नंतर निर्वात टाकीत उरलेले वायू ओढून घेतात. ओतताना रसाला हवा लागू द्यायची नाही, नाहीतर आधीची सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक घाणीला, कामगारांच्या भाषेत 'हीट'ला, नंबर असतो. तिचा नमुना यंत्रावर तपासतात, तुकडा आरशासारखा घासून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजतात आणि तयार बार ध्वनिलहरींनी आतून तपासतात. पुढे वर्षभराने एखादा भाग तुटला तरी नंबरावरून मूळ हीटपर्यंत जाता येतं. ही कामं आयटीआय आणि डिप्लोमा झालेली गावाकडची पोरंच करतात.

आता घराच्या सळईकडे बघा. तिला इतकी स्वच्छता लागत नाही, हे खरं. तरी नियम आहेच. आयएस 1786 प्रमाणे 'एफई 500 डी' सळईत गंधक आणि स्फुरद प्रत्येकी 0.040 टक्क्यांच्या आत हवं. साध्या 'एफई 500' मध्ये 0.055 पर्यंत चालतं. ताणल्यावर तुटण्याआधी 'डी' सळई किमान 16 टक्के लांबली पाहिजे, साधी 12 टक्के. स्फुरद वाढलं की सळई ठिसूळ होते. आणि भंगार वितळवणाऱ्या साध्या इंडक्शन भट्टीत स्फुरद फारसं निघत नाही. भंगारात जे आलं, ते सळईत गेलं.

जावळी तालुक्याला हा फरक परवडणारा नाही. बामणोलीकडचा भाग कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जमीन हलली की सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. 'डी' आहे तो त्यासाठीच.

तरी गावात तपासणी होते कुठे? घरकुलाचा हप्ता मिळतो बांधकामाच्या टप्प्याच्या फोटोवर. फोटोत सळई दिसते, तिची जात दिसत नाही. कारखान्यात हीटगणिक नमुना आणि इथे दुकानदाराचा शब्द, ही तफावत सरकारी योजनेत तरी राहायला नको होती. हप्त्याच्या कागदांत सळईचं प्रमाणपत्र जोडायला सांगणं फार अवघड नाही.

तोवर घर बांधणाऱ्याच्या हातात थोडं आहे. सळईवर आयएसआय खूण आणि ग्रेड उमटलेली असते. बिलाबरोबर कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागावं आणि त्यावरचा हीट नंबर बंडलाच्या बिल्ल्याशी जुळतो का ते बघावं. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. वजनही बोलतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10 किलो 650 ग्रॅम भरते. 10 किलोच भरली तर ती घ्यायची नाही; एका नगाला सूट आहे ती 6 टक्क्यांचीच. स्लॅब पडल्यावर हे तपासता येत नाही, त्यामुळे टेम्पो दारात उभा असतानाच काटा लावलेला बरा.