हळदीचा रंग आणि हळदीचा कस

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचे सौदे निघतात तेव्हा खरेदीदार ढिगातले हळकुंड उचलतो, मोडून त्याच्या गाभ्याचा रंग निरखतो, त्याचा टणकपणा व पॉलिशची झळाळी पाहतो आणि भाव बोलतो. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कसलेली आहे, हे मी आदरपूर्वक मान्य करतो. परंतु औषधनिर्माता ज्या द्रव्यासाठी हळद खरेदी करतो, त्या कुरकुमीनचे नेमके प्रमाण केवळ डोळ्यांनी ठरत नाही, आणि जे मोजले जात नाही त्याचा मोबदलाही शेतकऱ्याच्या पदरी पडत नाही.

हे प्रमाण प्रथम बेण्यावर अवलंबून असते. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने दिलेल्या ‘कृष्णा’ जातीत ते तीन टक्क्यांच्या आत असते, तर ‘फुले स्वरूपा’त पाचाच्या आसपास जाते, मेघालयातील लाकाडोंग हळद सातापर्यंत पोहोचते. परंतु तेच बेणे निराळ्या जमिनीत व निराळ्या हवामानात लावले असता निराळा कस दाखवते, आणि पाला वाळून पीक पक्व होण्याआधी घाईने केलेली काढणीही प्रतीला बाधते.

खरी हानी मात्र पुष्कळदा काढणीनंतर होते. हळद शिजवल्याने तिच्यातील पिष्ट फुलते, रंग सर्वत्र सारखा पसरतो आणि ती लवकर वाळते. म्हणून शिजवणे आवश्यकच, पण प्रमाणाबाहेर उष्णता लागली तर कुरकुमीनचेच विघटन होते. रंग खुलावा म्हणून शिजवण्याच्या पाण्यात चुना किंवा सोडा घालण्याची जी रीत काही ठिकाणी होती, ती तर देखाव्यासाठी सत्त्वाचा बळी देणारी होती, कारण क्षारधर्मी द्रावणात हे द्रव्य टिकत नाही. हळदीला चुन्याने जो लाल वर्ण येतो व कुंकू बनते, तो याच रासायनिक स्वभावाचा दाखला होय. प्रकाशही कुरकुमीनचा शत्रू आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या भूमिगत पेवांत हळद वर्षानुवर्षे सुस्थितीत राहत असे, त्यामागे अंधार व हवेचा अभाव ही कारणे होती. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवे निकामी केली, ही या इलाख्याची मोठी हानी आहे.

वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण झाले. पण त्याने प्रत्येक ढिगाच्या गुणाची खातरजमा होत नाही. अल्कोहोलमध्ये अर्क काढून ४२५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींचे त्यातील शोषण मोजले की कुरकुमीनचे प्रमाण कळते. एवढ्या परीक्षेची सोय बाजार समित्यांच्या ऐपतीपलीकडची खचित नाही. लहान शेतकऱ्यावर तिच्या खर्चाचा बोजा पडू नये, यासाठी तो समितीने आपल्या उत्पन्नातून सोसावा, आणि ज्याच्या मालात सत्त्व अधिक, त्याला परीक्षेच्या दाखल्याच्या आधारे अधिक दर मिळावा. शेतकरी बंधूंनीही बेण्याची जात, लागवड व काढणीच्या तारखा आणि शिजवण्याचा अवधी यांची नोंद आजपासून ठेवावी, आणि पुढील हंगामात सौद्याला जाताना ती बरोबर नेऊन, तपासणीखेरीज भाव का बोलला जातो, असा रोखठोक सवाल समितीला करावा.