स्थानकाचे नाव आणि स्थानकाचा इतिहास

पुणे रेल्वे स्थानकाला थोरल्या बाजीरावांचे नाव द्यावे, अशी मागणी जून २०२५ मध्ये पुढे आली. पुढच्याच महिन्यात, २७ जुलैला, स्थानकाच्या इमारतीने शंभरी गाठली. बाजीरावांच्या थोरवीविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच की, ज्या वास्तूला स्वतःचा इतिहास आहे तिला दुसऱ्या काळाचा इतिहास उसना का द्यावा?

हा इतिहास इमारतीहून जुना आहे. खंडाळा-पुणे लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाट तेव्हा पोखरून व्हायचा होता. मुंबईचा उतारू घाटाच्या पायथ्याशी उतरे, पालखीने, तट्टावर किंवा पायी खंडाळा गाठी आणि पुन्हा गाडीत बसे. घाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो हजारो मजुरांनी खोदला. त्यांतले कित्येक तेथेच मेले. त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते पायी. ते घरी परतण्यापूर्वीच पुण्यात आगगाडी आली होती. 'माझा प्रवास' शिकवताना आपण बंडाविषयी बोलतो. पायवाटेचे जगही त्याच सुमारास मावळू लागले होते, हे सांगायचे राहून जाते. नव्या जगाने भाषाही घडवली. प्लॅटफॉर्मचा 'फलाट' आणि सिग्नलचा 'शिग्नल' कोणा कोशकाराने केला नाही. हमालांच्या, खलाशांच्या आणि उतारूंच्या तोंडी ते शब्द मराठी झाले.

आजचे वास्तव वेगळे नाही. दिवाळीच्या सुट्टीत कर्वेनगरच्या वसतिगृहांतील मुली मराठवाड्या-विदर्भातील आपल्या घरी निघतात, त्या याच सहा फलाटांवरून. आरक्षण मिळाले नाही तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून गाडीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. १९२५ ची इमारत आजच्या गर्दीसाठी बांधलेली नव्हती, हे उघड आहे.

म्हणून मागणी करायचीच तर दोन गोष्टींची करावी. विनाआरक्षित प्रवाशांना बसायला पुरेशी जागा, स्वच्छ पाणी आणि स्वच्छतागृहे मिळावीत. आणि त्याच इमारतीत एक छोटे दालन असावे, जेथे घाट खोदणाऱ्यांची, हमालांची आणि पालखीतून घाट चढलेल्या उतारूंची हकिकत मराठीत वाचायला मिळेल. नाव काहीही ठेवले तरी पुणेकर 'स्टेशन' असेच म्हणणार आहे. त्या साध्या शब्दामागे किती माणसे उभी आहेत, एवढे तरी त्याला कळावे.